शेडमधल्या तीन गाड्या : भंगारात, खोलून, की अजून थोडं थांबू?

गोडोलीकर

मंडळी, घरामागच्या शेडमध्ये तीन गाड्या उभ्या आहेत आणि शेड पाडायची आहे. थोरल्याचं घर तिथे उठणार, दिवाळीनंतर पाया. म्हणजे 'बघू' म्हणायची सोय संपली.

एक प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. आरसी माझ्या नावावर, पासिंग संपून जमाना झाला. इंजिन हाताने फिरतं, चालू करून बघितलेलं नाही. ग्रिल, बंपर, काचा, मीटर सगळं जागच्या जागी. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, आणि दाराखालच्या सिलला बोट लावलं की बोट आत जातं.

दुसरीही पद्मिनीच. पहिलीला पार्ट मिळावेत म्हणून कोरेगावकडून टोचन करून आणलेली. गंमत अशी की पत्रा हिचाच बरा निघाला. इंजिन नाही, गिअरबॉक्स आहे, कागद नाहीत. मूळ मालक वारले, मुलगा 'सापडलं की देतो' म्हणत राहिला.

तिसरी मारुती ८००, १९९७ ची. ही स्वतःच्या पायांनी आली होती. मग उंदरांनी वायरिंग खाल्लं.

भंगारवाला येऊन तिन्हींची उक्ती किंमत सांगून गेला. आकडा लिहीत नाही, हसाल. मित्र म्हणतो खोलून विक, तिप्पट होतील. माझा कल खोलण्याकडेच आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. 'आठवणी अनमोल असतात' वगैरे लिहू नका, ते घरात रोज ऐकतो.

उगाच_एक

भडंग घेऊन बसलोय. चौथी गाडी कुठे लपवलीय ते वहिनींना माहीत आहे का?

गोडोलीकर

@उगाच_एक, चौथी मेव्हण्याकडे आहे. विषयावर या.

पाना_बारातेरा

काका, तिप्पट होतात हे खोटं नाही. पण कुणाचे होतात? ज्याचं दुकान आहे, ज्याच्याकडे माल ठेवायला जागा आहे आणि गिऱ्हाईक दोन वर्षांनी आलं तरी चालतं, त्याचे. तुम्हाला दिवाळीनंतर पाया खणायचाय.

कराडला माझं गॅरेज आहे, त्यामुळे हे रोज बघतो. खोललेल्या गाडीचं पहिल्या महिन्यात काय जातं ते ठरलेलं असतं. पद्मिनीचं ग्रिल, बंपर, मागच्या लाल लायटींची भिंगं, मीटर, दारांची हँडलं, पुढची काच, स्टेअरिंगखालच्या गिअर दांड्याचं लिंकेज. फोन वाजत राहतो, माणसाला वाटतं धंदा जमला. मग फोन थांबतो. उरतो सांगाडा, चार दारं, मागचा ॲक्सल आणि फाटक्या सीटांचा ढीग. तेवढ्यासाठी भंगारवाला यायला तयार नसतो, आला तर तोच तुमच्याकडे टेम्पोचं भाडं मागतो.

खोलायचीच असेल तर एक लक्षात ठेवा. चाकं आणि स्टेअरिंग शेवटी विका. पहिलं गिऱ्हाईक नेमकं चाकंच मागतं, आणि एकदा ती गेली की सांगाडा हलवायला क्रेन लागते. गोडोलीच्या बोळात क्रेन कशी घालणार?

८०० चं वेगळं आहे. तिचे पार्ट अजून नवे मिळतात, जुने तर प्रत्येक भंगाराच्या दुकानात पडलेत. ती खोलण्यात दिवस घालवू नका. फक्त पहिल्या, १९८६ च्या आधीच्या जुन्या आकाराच्या ८०० ला शोधणारी माणसं असतात, तुमची त्यातली नाही.

जीपवाला_पाटण

एवढं कशाला डोकं लावायचं? पहिलीचे कागद चांगले, दुसरीचा पत्रा चांगला. दुसरीच्या बॉडीत पहिलीचं इंजिन बसवा, पहिलीचा नंबर टाका, एक गाडी झक्कास तयार. उरलेलं भंगारात. आमच्याकडं जीपांचं असंच चालतं, एकाची चॅसिस, दुसऱ्याची बॉडी, तिसऱ्याचं इंजिन.

उगाच_एक

आणि चौथ्याचं नाव. :)

कलमकसाई

जीपवाले, थांबा. हे वाचून कुणीतरी खरंच करेल.

जीपला चॅसिस वेगळी असते, बॉडी वर बोल्टने बसते. पद्मिनीला वेगळी चॅसिसच नाही, बॉडी हाच सांगाडा. चॅसिस नंबर त्या पत्र्यावरच ठोकलेला. म्हणजे तुम्ही 'पहिलीचा नंबर टाका' म्हणता तेव्हा एका गाडीचा नंबर कापून दुसरीवर जोडा असं सांगताय. ही दुरुस्ती नव्हे, चॅसिस नंबरशी छेडछाड आहे, सरळ गुन्हा. आणि दुसरी कुणाच्या नावावर आहे हेच अजून नक्की नाही! शिवाय जीपांबद्दल जे अभिमानाने लिहिलंय, त्यासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत फेरफार करण्याबद्दलचं, एकदा वाचा.

आता गोडोलीकरांसाठी. पाना लावण्याआधी आरसीचं बघा. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, असं कलम ५५ सांगतं. लोक नेमकं हेच विसरतात. गाडी तोडली जाते, नोंदणी जिवंत राहते.

२०२१ च्या नियमांनंतर सरळ रस्ता म्हणजे नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र. ते गाडी ताब्यात घेतल्याचं प्रमाणपत्र देतं, मग नोंदणी रद्द होते. ते प्रमाणपत्र सांभाळा, किंवा विका. हो, ते दुसऱ्याला हस्तांतर करता येतं. त्यावर नवी खासगी गाडी घेताना वाहन करात सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमात २५ टक्क्यांपर्यंत म्हटलंय, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं, तेव्हा चालू दर आरटीओत विचारून घ्या. थोरल्याला घराबरोबर गाडीही घ्यायची असेल तर ८०० चं हे बघाच. जवळचं केंद्र परिवहनच्या पोर्टलवर सापडेल.

कृष्णाकाठ

कलमकसाईंना दुजोरा. सांगलीत २०१९ च्या पुरानंतर किती गाड्या अशाच गेल्या. पाणी ओसरल्यावर कुणाला काय सुचणार? गाळाने भरलेल्या गाड्या, आत बसवत नव्हतं, जो येईल त्याला लोकांनी देऊन टाकल्या. आमच्या शेजाऱ्यांनी अशीच एक दिली, पावती ना काही. पुढे कुठल्यातरी शहरातून त्या नंबरवर चलन यायला लागलं. गाडी तुटली होती की नंबरप्लेट दुसऱ्या गाडीवर चढली होती, कुणालाच सांगता येईना. त्यांना म्हातारपणी पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज द्यावा लागला.

नंबरप्लेट काढून घरात ठेवली असती तरी अर्धा त्रास वाचला असता.

तासगावचा_द्राक्षू

पण १५ वर्षांवरच्या गाड्यांवर बंदी आहे ना आता? मग पहिलीही भंगारातच जाणार, चर्चा कशाला?

कलमकसाई

@तासगावचा_द्राक्षू, ती भानगड दिल्ली आणि आसपासच्या भागाची. तिथे १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले. सातारा-सांगलीत तसं नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. फॉर्म २५.

फुकट मात्र नाही. एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केलं. वर पर्यावरण कर, विमा, नवी सुरक्षा नंबरप्लेट, आणि मुदत उलटून गेल्याचा भुर्दंड. काकांची पद्मिनी या हिशेबात बसते.

उगाच_एक

म्हणजे गाडीपेक्षा कागद महाग. दहा वर्षं थांबा काका, ५० वर्षांची झाली की व्हिंटेज होईल.

कलमकसाई

चेष्टेत म्हणालात पण बरोबर आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका आहे. म्हणजे २०३६. नोंदणीला २०,००० रुपये. आणि ती रोज भाजी आणायला वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर.

भट्टीवाला

कुपवाडला फाउंड्रीत आहे, भंगाराच्या दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

उक्ती किंमत म्हणजे भंगारवाल्याने सगळ्यात स्वस्त मालाचा भाव सगळ्या गाडीला लावलाय. पद्मिनी नऊशे किलोच्या आतबाहेर, ८०० साडेसहाशेच्या. पण त्या वजनात सगळं लोखंड एकाच भावाचं नसतं. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा), हेड ॲल्युमिनियमचं. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याचा भाव पत्र्याच्या कितीतरी पट. डायनामो आणि स्टार्टरमध्ये तांबं. बॅटरी असेल तर ती शिशाची, ती बॅटरीच्या दुकानातच परत द्या, नियम तसा आहे आणि पैसेही बरे मिळतात.

पत्र्याला आम्ही भट्टीवाले नाक मुरडतो. रंग, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), रबर, डांबर, सगळं त्याला चिकटलेलं. ब्लॉक फुटलेला असला तरी बिड म्हणून चालतो. ज्या गाडीवर लांबीचे थर आहेत तिचं वजन काट्यावर जास्त भरतं, हा एकच फायदा.

म्हणून माझं मत मधलं आहे. दुकान लावल्यासारखं खोलू नका, पण रेडिएटर, हेड, डायनामो, बॅटरी वेगळ्या केल्याशिवाय उक्तंही देऊ नका. नोंदणीकृत केंद्रात न्यायची असेल तर मात्र आधी त्यांना विचारा. हे भाग काढून गाडी नेली तर भाव त्याप्रमाणे उतरतो.

आणि पेट्रोलची टाकी! गॅस कटरवाला येण्याआधी ती उतरवा. वर्षानुवर्षं रिकामी असली तरी आत वाफ असते, कोरडी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. तसंच जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवा मारून उडवू नका, त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओलं फडकं वापरा. ऑइल ओढ्यात सोडू नका, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

जीपवाला_पाटण

@कलमकसाई, कायदा कळला, पण मग चांगल्या पत्र्याची बॉडी मातीत घालायची का? सगळ्या जुन्या गाड्या अशाच वाचल्यात, कागद बघत बसले असते तर रस्त्यावर एक फियाट (म्हणजे पद्मिनीच) दिसली नसती.

पाना_बारातेरा

जीपवाले, मधला रस्ता आहे, आणि तो पूर्वीपासूनचा आहे. नंबर असलेला भाग पहिलीचाच राहतो. दुसरीचा फ्लोअर आणि सिल कापून पहिलीला जोडायचे. ही दुरुस्ती झाली. पत्रा सडला म्हणून नवा पत्रा लावला, मग तो बाजारातून आणा नाहीतर दुसऱ्या पद्मिनीचा आणा. फोटो काढत जा, तपासणीच्या वेळी दाखवायला बरे.

पण हे दारांना आधार देऊन, गाडी सपाटीवर ठेवून करायचं काम आहे. सिल एकदम दोन्ही बाजूंचे कापले की गाडी मधून बसते, मग दार बंद होत नाही आणि माणूस आयुष्यभर बिजागऱ्या ठोकत बसतो. एक बाजू पुरी करून मग दुसरी. असलं काम करणारा डेंटर आता शोधावा लागतो. पोरं पॅनल बदलायला शिकतात, पत्रा घडवायला नाही.

खर्च विचाराल तर गाडीच्या किमतीच्या वर जाणार. हे ऐकून ज्याचा उत्साह जातो त्याने आजच विकावी.

कृष्णाकाठ

अवांतर: आणि चालू झाली तरी पेट्रोलचं काय? आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. जुन्या कार्ब्युरेटरची रबरं, पंपाचा पडदा, होस पाइप, सगळं नरम पडतं.

तासगावचा_द्राक्षू

म्हणजे आपलाच ऊस आपलीच फियाट खातोय. :)

भट्टीवाला

कारखान्याचा चेअरमन हा धागा वाचत असेल तर पद्मिनीला लाभांश द्यावा.

पाना_बारातेरा

होस आणि पडदे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे मिळतात, ते बदला. जुनी टाकी आतून गंजलेली असली की मात्र इथेनॉलने सगळा गाळ सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातो. टाकी आधी साफ, मग पेट्रोल.

माहुलीची_मावशी

सगळं वाचलं. भाऊ, एक विचारू का? तुम्हाला पद्मिनी चालवायची आहे की नुसती असायला हवी आहे? आमच्या ह्यांची बुलेट होती, पंधरा वर्षं 'करणार आहे'. ज्या दिवशी विचारलं की पुढच्या महिन्यात हिच्यावरून यवतेश्वरला जायचंय का, त्या दिवशी खरं उत्तर मिळालं. विकली. आता ते खूश आहेत, आणि व्हरांड्यात माझी जास्वंद आहे.

चालवायची असेल तर एकच ठेवा. दोन ठेवणारा एकही करत नाही.

उगाच_एक

मावशींना धाग्याचं सभापतिपद द्या.

बारामोटेचा_बंड्या

एक मुद्दा राहिला. पद्मिनीचे पार्ट आता विकावे की धरून ठेवावे? मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली होती, २० वर्षांची मर्यादा संपून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याला पिस्टनपासून दाराच्या रबरापर्यंत सगळं मिळायचं, कारण रोजचा खप होता. आता रोजचा खप नाही, उरले ते हौशी लोक. म्हणजे इंजिनच्या पार्टला गिऱ्हाईक कमी, ग्रिल-भिंगांना जास्त. मी तर म्हणेन चकचकीत माल एका पेटीत भरा आणि ठेवा. पेटीला शेड लागत नाही.

पाना_बारातेरा

बंड्याशी सहमत, फक्त काचा पेटीत ठेवू नका, उभ्या ठेवा. आडव्या ठेवलेल्या काचेवर कुणीतरी बसतंच.

गोडोलीकर

मंडळी, उशिरा लिहितोय, पण रिकाम्या हाताने नाही.

रविवारी कोरेगावला जाऊन आलो. त्या मुलाला इतकी वर्षं फोनच करत होतो, घरी कधी गेलो नव्हतो. त्याच्या आईने विषय ऐकला, उठल्या, आणि ट्रंकेतून आरसी बुक काढून दिलं. जीर्ण आहे पण नंबर वाचता येतो, गाडीवरच्या नंबराशी जुळतो. त्यांना विकायला काही हरकत नाही, फक्त 'ह्यांच्या नावाचं काही लफडं नको' म्हणाल्या. @कलमकसाई, पुढे काय?

कलमकसाई

उत्तम. मालक वारले की वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग त्यांच्याकडून तुमच्याकडे, फॉर्म २९ आणि ३०. इतक्या जुन्या गाडीची नोंद ऑनलाइन दिसेलच असं नाही, कार्यालयात जुन्या रजिस्टरवरून चढवून घ्यावी लागेल. गाडी चालवायची नाही, तेव्हा नोंदणी रद्द करायचा अर्ज वारसांनीच थेट करता येतो का ते खिडकीवर आधी विचारा, एक फेरा वाचेल. तोवर तिचा एक बोल्टही विकू नका.

गोडोलीकर

बरं. मग ठरलं ते असं. ८०० स्क्रॅप केंद्रात, पुरीच्या पुरी, भट्टीवाल्यांची क्षमा मागून. रेडिएटर काढत बसायला मन होत नाही, आणि थोरला गाडी बघतोच आहे, प्रमाणपत्र त्याच्या कामी येईल.

मावशी, चालवायची आहे. बायकोलाही विचारलं, ती म्हणाली 'चालत असेल तर बसेन'. एवढं होकारार्थी उत्तर मला अपेक्षित नव्हतं. तेव्हा पहिली राहते. शेड जाईल तेव्हा मेव्हण्याकडे. दुसरीचे कागद झाले की फ्लोअर आणि सिल पहिलीला, ग्रिल-भिंगं पेटीत, बाकी सांगाडा चाकांसकट भंगारात. पानासाहेब, डेंटर तुम्ही सुचवायचा.

पाना_बारातेरा

उंब्रजला एक जुने मेस्त्री आहेत, अजून हातोडीने काम करतात. व्यनि (खासगी निरोप) करतो. त्यांना घाई सांगू नका, फोन ठेवून देतात.

विट्याचा_गडी

नमस्कार, नवीन सदस्य. पद्मिनीची मागची काच आणि गिअरबॉक्स हवाय, पैसे रोख. दुसरीचं देणार का?

गोडोलीकर

@विट्याचा_गडी, पहिला नंबर तुमचा लावून ठेवतो. पण वरचं वाचलंत ना, कागद होईपर्यंत काही हलणार नाही. आणि भाव मी सांगणार नाही, पानासाहेब सांगतील, माझ्या तोंडून कमीच निघतो.

पाना_बारातेरा

गिअरबॉक्स खोलून बघितल्याशिवाय भाव नाही. दुसरा गिअर निसटतो की नाही ते आधी बघू. काच न्यायला येताना पोती आणि गादी आणा, वर्तमानपत्रात गुंडाळून विट्यापर्यंत पोचत नाही.